अपेंडिक्सचा ब्लड रिपोर्ट घड्याळ लावून कसा वाचायचा

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, नागपुरात लॅबमध्ये काम करतो आणि बरीच वर्षं रात्रपाळी केली आहे. आमच्याकडे रात्री अकरानंतर जे लोक येतात त्यातला ठरलेला प्रश्न म्हणजे, भाऊ, अपेंडिक्स निघाला का रिपोर्टमध्ये? जसं काही डेंग्यूसारखं अपेंडिक्स पॉझिटिव्ह असं छापून येते. असं काही येत नाही बा. अपेंडिक्सची अशी एक टेस्टच नाही. रक्तातून एवढंच कळते की शरीरात आग किती लागली आहे, ती कुठे लागली ते पोटावर हात ठेवून डॉक्टर सांगतो आणि सोनोग्राफी नाहीतर सीटी स्कॅन दाखवते. पण आग किती हे मात्र रक्त बऱ्यापैकी सांगते, फक्त वाचता आलं पाहिजे, आणि वाचताना लोक एकच गोष्ट विसरतात, ती म्हणजे वेळ.

माझ्या साळ्याचंच सांगतो. उन्हाळ्यात रात्री दोनला बेंबीजवळ दुखायला लागलं, सकाळी सातला मीच त्याचं रक्त घेतलं. टीएलसी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा, ९,८००, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ७२ टक्के, आणि सीआरपी, म्हणजे सूज आली की रक्तात वाढणारं प्रोटीन, ४. घरात सगळे म्हणाले गॅस आहे, सासूबाईंनी बेंबीला हिंग लावला, ओवा दिला, आणि हा पठ्ठ्या थोडं बरं वाटलं म्हणून दहा वाजता कोपऱ्यावर जाऊन तर्री पोहे हाणून आला. संध्याकाळपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं, उलट्या सुरू झाल्या, पण रिपोर्ट नॉर्मल आहे न, मग कायचं टेन्शन, असं करत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परत रक्त घेतलं तं टीएलसी १६,४००, न्यूट्रोफिल ८८, सीआरपी ११८. त्याच रात्री ऑपरेशन झालं, अपेंडिक्स काळा पडला होता, फुटला नव्हता एवढंच नशीब. लोक म्हणाले पहिला रिपोर्ट चुकला. तो चुकला नव्हता, तो पाच तासांचा रिपोर्ट होता आणि दुसरा चौतीस तासांचा. पहिला नॉर्मल रिपोर्ट पाहून मीही निश्चिंत झालो होतो, लॅबवाला असून, ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून पहिलं काम, रक्त द्यायच्या आधी पेनानं कागदावर लिहा की दुखणं कधी सुरू झालं. सहन होईना झालं ती वेळ नाही, पहिल्यांदा पोटात कसंतरी झालं, जेवण नको वाटलं, ती वेळ. हे विचारलं की बहुतेक लोक "कालपासून" म्हणतात. कालपासून म्हणजे काल सकाळी की काल रात्री, यात बारा तासांचा फरक आहे आणि या आजारात बारा तास म्हणजे लई झाले. दुखणं सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांच्या आत अपेंडिक्स फुटायचं प्रमाण कमी असते, त्यानंतर वाढत जाते, लहान पोरांमध्ये तर त्याच्याही आधी फुटू शकतो. नमुना कधी घेतला ती वेळ रिपोर्टवर असतेच, दोन्हीतला फरक काढा आणि तो आकडा रिपोर्टच्या वर मोठ्यानं लिहून ठेवा. बाकी सगळे आकडे त्याच्या खाली वाचायचे.

कोणत्या टेस्ट करायच्या

डॉक्टर लिहून देईल तेच करा, पण सहसा काय असते ते माहीत असू द्या. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि तो डिफरन्शियलसकट, म्हणजे नुसता पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा नाही, त्यात न्यूट्रोफिल किती टक्के, लिम्फोसाईट (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) किती टक्के हे पाहिजेच. सीआरपी, पण आकड्यातला. काही छोट्या लॅबमध्ये अजूनही काचेवर थेंब टाकून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सांगतात, त्यातून सीआरपी ८ आहे की १८० हे कळत नाही आणि आपल्याला नेमकं तेच पाहिजे. मग बिलिरुबिन (कावीळीत वाढते ते), सोडियम, क्रिएटिनिन. क्रिएटिनिन यासाठी की सीटी करायची वेळ आली आणि शिरेतून डाय द्यायचा असेल तर किडनी कशी आहे ते आधी बघतात. लघवीची साधी तपासणी. आणि मूल होऊ शकेल अशा वयाची बाई असेल तं लघवीतली प्रेग्नन्सी टेस्ट, लाजायचं नाही, घरच्यांनी "आमच्या पोरीची कशाला" असं म्हणायचं नाही. नळीत राहिलेला गर्भ उजवीकडे असला तर अगदी अपेंडिक्ससारखाच दुखते आणि तो जिवावर बेततो.

ईएसआर (सूज दाखवणारी जुनी टेस्ट) आणि विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) यात पैसे घालवू नका. ईएसआर फार हळू हलते, अशा तासातासाच्या आजारात कामाचं नाही. विडालचं तर नागपुरात वेडच आहे, ताप दिसला की विडाल, आणि थोडा टायटर आला की टायफॉईडची गोळी सुरू. प्रोकॅल्सिटोनिन नावाची एक महाग टेस्ट आहे, मोठ्या हॉस्पिटलमध्ये लिहितात. अपेंडिक्स आहे का नाही हे सांगण्यात ती सीआरपीपेक्षा भारी नाही, पण पू झाला, फुटला, सेप्सिसकडे, म्हणजे इन्फेक्शन अंगभर पसरून जिवावर बेतण्याकडे, चाललं असा संशय असेल तेव्हा तिचा उपयोग होतो. स्वतःहून करायला जाऊ नका.

उपाशी लागते का, हा पुढचा प्रश्न. या टेस्टसाठी लागत नाही. पण तरी काही खाऊ नका, कारण ऑपरेशन लागलं तर भुलीसाठी पोट रिकामं पाहिजे. एरंडेल किंवा जुलाबाची गोळी तर अजिबात देऊ नका.

टीएलसी आणि न्यूट्रोफिल

मोठ्या माणसाचा टीएलसी साधारण ४,००० ते ११,००० असतो. काही मशीन १६.४ असं छापतात, म्हणजे हजारात, १६,४००. असं पाहून लोक घाबरतात की पांढऱ्या पेशी सोळाच राहिल्या. अपेंडिक्समध्ये बहुतेकांचा दहा हजाराच्या वर जातो आणि तो लवकर वाढतो, सुरुवातीच्या तासांमध्येच. म्हणून दुखणं दहाबारा तासांचं असेल तं टीएलसीकडे जास्त बघायचं, सीआरपीकडे कमी. अकरा ते पंधरा हजार म्हणजे सूज आहे असं धरा. अठरा-वीस हजाराच्या वर गेला तर आतमध्ये काहीतरी बिघडून राहिलं, गँगरीन म्हणजे सडणं, किंवा फुटणं, अशी शंका डॉक्टर घेतात. शंका म्हणतोय, खात्री नाही. १३,००० वाला फुटलेला निघालेला आहे आणि २१,००० वाल्याचा साधा सुजलेला निघालेला आहे.

मग त्याच्या खाली न्यूट्रोफिल बघा. ७५ टक्क्यांच्या वर गेले की त्याला वजन येते, टीएलसी नॉर्मल असला तरीसुद्धा. हे लोक सोडून देतात, एकूण आकडा दहाच्या खाली दिसला की रिपोर्ट बंद. माझा अनुभव असा की म्हाताऱ्या माणसाचा टीएलसी कधी कधी ९,००० असते आणि न्यूट्रोफिल ९० टक्के, तिथे रिपोर्ट नॉर्मल म्हणणाऱ्याला मी हात जोडतो.

एक सोपा हिशोब आहे, फुकटचा. न्यूट्रोफिलच्या टक्क्याला लिम्फोसाईटच्या टक्क्यानं भागा. न्यूट्रोफिल ८८ आणि लिम्फोसाईट ८ असेल तं उत्तर ११. याला एनएलआर म्हणतात, नवीन रिपोर्टवर छापूनच येते. साधारण पावणेपाचच्या वर गेला तर अपेंडिक्सच्या बाजूनं, आणि पावणेनऊच्या वर गेला तर गुंतागुंतीच्या अपेंडिक्सच्या बाजूनं, असे आकडे अभ्यासात वापरतात. साळ्याचा सकाळी ७२ भागिले २० म्हणजे ३.६ होता, दुसऱ्या दिवशी ११. बघा, एकाच माणसाचा. यातही भानगड अशी की भयंकर टेन्शन, स्टेरॉईडची गोळी, दुसरं कोणतंही इन्फेक्शन, सगळ्यांनी हा आकडा वर जातो.

सीआरपी, आणि युनिटचा घोळ

सीआरपी लिव्हर बनवते आणि ती बनवायला वेळ लागतो. सूज सुरू झाल्यावर सहासात तासांनी वाढायला लागते, मग भराभर वाढते आणि दोन दिवसांच्या आसपास सगळ्यात वर असते. म्हणजे चार तासांच्या दुखण्यात सीआरपी ३ आली तर त्याचा अर्थ काहीच नाही, अजून लिव्हरला निरोपच गेला नाही म्हणा न. पण दुखणं दोन दिवसांचं आहे, टीएलसीही ठीक, न्यूट्रोफिलही ठीक आणि सीआरपी ३, तर अपेंडिक्स असायची शक्यता बरीच कमी होते आणि डॉक्टर दुसरीकडे शोधायला लागतात. एकाच आकड्याचे दोन अर्थ, फक्त तासांमुळे.

वरच्या बाजूला बघाल तं १० पर्यंत जवळपास नॉर्मल, १० ते ५० मध्ये सूज आहे, ५० च्या वर गेलं की डॉक्टरच्या कपाळाला आठी पडते, १०० च्या वर म्हणजे साधा अपेंडिक्स नसावा, गँगरीन, फुटणं, पूची गाठ, यातलं काही असेल म्हणून सोनोग्राफी-सीटीची घाई करतात. हे सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. आणि इथेच घोळ होतो. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, तिथे ११.८ म्हणजे आपले ११८! असा एक रिपोर्ट एका कुटुंबानं माझ्याकडे आणला होता, कोणत्या लॅबचा ते जाऊ द्या, पोराचा मामा म्हणे बारा आहे, थोडीच वाढली आहे, उद्या दाखवू. मी युनिटवर बोट ठेवलं तेव्हा त्यांनी तिथूनच गाडी वळवली. आकड्याच्या शेजारी काय लिहिलं आहे ते वाचा, आणि समोरची नॉर्मल रेंज वाचा. रेंज ०.५ पर्यंत असेल तर ती डेसिलिटरवाली आहे.

बिलिरुबिन आणि सोडियम

हे दोन आकडे लोक पाहतच नाहीत, कारण कावीळ कुठे आहे आपल्याला. पण अपेंडिक्स सडायला लागला, फुटला, की त्यातले जंतू आणि त्यांचं विष आतड्यातलं रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतून सरळ लिव्हरकडे जाते आणि लिव्हरचं पित्त बाहेर टाकायचं काम मंदावते, त्यामुळे बिलिरुबिन थोडं वाढते. १.२ च्या वर, दीड, पावणेदोन, असं. डोळे पिवळे दिसण्याएवढं नाही. बाकी लिव्हरचे आकडे ठीक आणि नुसतं बिलिरुबिन वाढलेलं, सोबत सीआरपी ११०, तर ते फुटल्याच्या बाजूचं पारडं जड करते. तसंच सोडियम १३५ च्या खाली असणं. दोन्ही एकेकटे कच्चे आहेत, सीआरपीसोबत वाचले तर कामाचे.

आता विदर्भात राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. आपल्याकडे सिकलसेल, हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार, भरपूर आहे, पेशंटला स्वतःला माहीत नसते असेही लोक आहेत. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी फुटतात म्हणून बिलिरुबिन नेहमीच वाढलेलं राहते, पांढऱ्या पेशीही एरवीच जास्त असतात, आणि क्रायसिस, म्हणजे या आजारातला दुखण्याचा झटका, आला की पोट जोरात दुखते. म्हणजे तिन्ही गोष्टी अपेंडिक्ससारख्या आणि अपेंडिक्स नाही, किंवा क्रायसिस समजून बसले आणि खरंच अपेंडिक्स आहे. अशा पेशंटचे जुने रिपोर्ट सोबत न्या, त्याचा नेहमीचा आकडा किती ते कळल्याशिवाय आजचा आकडा वाचता येत नाही. गिल्बर्ट नावाचा एक निरुपद्रवी प्रकार असते, त्यातही उपाशी राहिलं की बिलिरुबिन वाढते.

पावसाळ्यानंतर डेंग्यू चालू असतो, त्यातही पोट दुखते, पण तिथे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जातात. पोट दुखून ताप आहे आणि टीएलसी २,९०० आला तं अपेंडिक्सपेक्षा डेंग्यूचा, टायफॉईडचा विचार आधी येतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, पाणी कमी पडते, मुतखड्याचे पेशंट रांगेनं येतात, त्यांच्या लघवीत लाल पेशी दिसतात. पण लघवीत थोड्या पस सेल, म्हणजे पूच्या पेशी, दिसल्या म्हणून युरीन इन्फेक्शन म्हणून सोडून देऊ नका, सुजलेला अपेंडिक्स मूत्रनळीला नाहीतर मूत्राशयाला टेकला तरी लघवीत पेशी येतात.

गरोदर बाईचा टीएलसी एरवीच बारा-चौदा हजार असू शकते, तो आकडा तिच्यासाठी फारसा सांगत नाही. लहान पोरांची रेंज वेगळी, मोठ्यांची लावायची नाही. शुगरवाले, म्हातारे, किमो किंवा स्टेरॉईड चालू असलेले, यांचं रक्त कधी गप्प बसते तर कधी उगाच ओरडते. यांच्यात रिपोर्ट चांगला आला म्हणून घरी बसायचं नाही, एवढंच.

डॉक्टर हे सगळं मिळवतात कसं

स्कोअर काढतात. अल्व्हाराडो स्कोअर १९८६ चा आहे, १० मार्कांचा. दुखणं बेंबीकडून उजवीकडे सरकलं १, भूक नाही १, मळमळ-उलटी १, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं २, दाबून सोडल्यावर कळ १, ताप १, टीएलसी दहा हजाराच्या वर २, न्यूट्रोफिल वाढलेले १. म्हणजे दहातले रक्ताचे फक्त ३, बाकी सात पोटाचे आणि पेशंट काय सांगतो त्याचे. नंतर २००८ मध्ये एअर स्कोअर आला, १२ चा, त्यात सीआरपी घेतली आहे, आणि रक्ताला निम्मे मार्क. न्यूट्रोफिल ७० ते ८४ असेल तर १, ८५ च्या वर २. टीएलसी दहा ते पंधरा हजाराच्या आत १, पंधराच्या वर २. सीआरपी १० ते ४९ ला १, पन्नासच्या वर २. साळ्याला पहिल्या सकाळी रक्ताचा एक मार्क मिळाला असता, दुसऱ्या दुपारी सहापैकी सहा. एकूण ४ पर्यंत धोका कमी, ५ ते ८ मध्ये थांबवून ठेवतात, सोनोग्राफी करतात, ९ किंवा त्याच्या वर गेला की सर्जन तयारीला लागतो.

तुम्ही घरी स्कोअर काढून निर्णय घ्यायचा नाही, पोट दाबून बघणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे. पण डॉक्टर "सहा तासांनी परत रक्त करू" म्हणाले तर "परत कशाला, पैसे काढायचे धंदे" असं मनात आणू नका. मधल्या स्कोअरवाल्याला परत तपासणं हीच खरी तपासणी आहे. टीएलसी १२ चा १० झाला, सीआरपी २० वर थांबली, पोट मऊ, तर गाडी उतारावर आहे. टीएलसी १२ चा १५, सीआरपी २० ची ७०, तर चढावर. आणि दोन्ही वेळचं रक्त जमलं तर एकाच लॅबमध्ये द्या, मशीन बदललं की आकड्यात थोडा फरक पडतो. अजून एक, टीएलसी खाली आला पण सीआरपी चढतच आहे, असं दिसलं तर खूश होऊ नका, डॉक्टरला दाखवा.

घरी उरलेली अँटिबायोटिकची पट्टी असते, त्यातल्या दोन गोळ्या खाऊन मग रक्त द्यायला येणारे पुष्कळ. खाल्ल्या असतील तर सांगा, लपवू नका, त्यानं चित्र धूसर होते. साध्या अपेंडिक्सवर ऑपरेशन न करता अँटिबायोटिकवर ठेवायची पद्धत आता आहे, परदेशात मोठे अभ्यास झाले आहेत, फिनलंडच्या अभ्यासात पाच वर्षांत जवळपास ३९ टक्के लोकांना परत त्रास झाला. पण ती हॉस्पिटलमध्ये, स्कॅन करून, निवडक पेशंटला. अपेंडिक्सच्या तोंडाशी खडा अडकलेला असेल तर गोळ्यांवर भागण्याची शक्यता कमी, आणि खडा आहे का हे कोणतंच रक्त सांगत नाही.

रिपोर्टची वाट पाहायची नाही अशी वेळ

पोट लाकडासारखं कडक झालं, हलताना, खोकताना कळ जाते, थंडी वाजून ताप, नाडी पळते, सारख्या उलट्या, लघवी होईना. आणि सगळ्यात फसवं म्हणजे, खूप दुखत होतं आणि एकदम थांबलं, मग थोड्या वेळानं सगळं पोट दुखायला लागलं. घरच्यांना वाटते आराम पडला. तो फुटल्यावरचा आराम असू शकते. अशा वेळी लॅबमध्ये येऊन रांगेत बसू नका, आम्हीच हाकलतो अशांना. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, ही दोन सरकारी हॉस्पिटलं, दोन्हीकडे कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते, काटोल-उमरेडकडून येत असाल तं १०८ लावा, रक्त तिथेच घेतील.

ऑपरेशन झाल्यावर पण सीआरपी वाढते, चिरफाड झाली म्हणून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर असते आणि मग उतरायला लागते, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा आकडा पाहून सर्जनशी भांडू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी उतरायच्या ऐवजी चढत असेल, सोबत ताप असेल, तर आत पू जमतोय का ते बघतात.

आणि काढलेला अपेंडिक्स बायोप्सीला जातो, त्याचा रिपोर्ट आठवडाभरानं येतो. सूज किती खोल होती, गँगरीन होता का, हे त्यात पक्कं लिहिलेलं असते, कधीतरी शंभरात एखाद्याला त्यात छोटी गाठही सापडते आणि मग पुढचा इलाज वेगळा असतो. डिस्चार्ज झाला, टाके निघाले, की लोक तो न्यायलाच येत नाहीत. आमच्या ड्रॉवरमध्ये असे किती पडले आहेत, फोन केला तं म्हणतात, हाव भाऊ, येतो उद्या. साळ्याचाही मीच नेऊन दिला.